संध्याकाळच्या विमानातली एक जागा

चूक आधीच सांगून टाकतो. नागपूरच्या विमानतळावर आमचं बंगळूरचं विमान रद्द झालं आणि संध्याकाळच्या विमानात एकच जागा उरली होती. ती जागा माझ्या आत्याची होती. मी ती घेतली आणि तिला सांगितलं, की कंपनीच्या मशीननं माझंच नाव काढलं. तिनं विश्वास ठेवला. नुसता ठेवला नाही, पुढं कित्येक वर्षं आमच्या बालाघाटभर ती हेच सांगत राहिली. आता ती नाही. पण तिच्याबद्दल लिहायला बसलो की या चुकीला वळसा घालून पुढं जाताच येत नाही, आणि घातलेला वळसा तिला चाललाही नसता.

कारण तिचा स्वभावच तसा होता. कुठंही वाट पाहत बसायची वेळ आली, की आपण आधी रिकामी खुर्ची शोधतो. ती माणसं शोधायची. कोर्टाचा व्हरांडा असो, तहसील कचेरीचा जिना असो, नाहीतर स्टेशनवरचं बाकडं, ती ओळीनं एकेकाजवळ जाऊन विचारायची, "तुमाले काय सांगतलं?" 'काय झालं' असं नाही, 'काय सांगतलं' असं. आणि समोरच्यानं "काहीच नाही" म्हटलं, की पदर खोचून ती थेट आत जायची. आतल्या साहेबाला ती कोण, कुठली, हे कळायच्या आधीच तिनं टेबलावर हात ठेवलेला असायचा. "साहेब, बाहेर मानसं बसून हायेत. त्यायले काहीतरी सांगा."

आमच्याकडं मोठ्या बहिणीला 'बाई' म्हणतात. वडील तिला बाई म्हणायचे, म्हणून आम्ही सगळी भाचरंही बाईच म्हणायचो. गावासाठी ती सिस्टरबाई. तिरोडीकडच्या मँगनीज खाणीच्या दवाखान्यात तिनं सगळी नोकरी काढली. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं, तर म्हणायची, "ड्यूटी बदलून देनारी नाई भेटली."

खाणीत अपघात झाला, की दवाखान्याबाहेरच्या चिंचेखाली बाया येऊन बसत. आतून कुणी काही सांगत नसे. डॉक्टर म्हणत, नक्की काही कळल्याशिवाय बोलू नका. बाई मात्र दर थोड्या वेळानं बाहेर यायची, एकेकीजवळ उकिडवी बसायची आणि असेल ते सांगायची. "बरा नाई. पन जित्ता हाय. तू पानी पे, मी अजून येतो." एकदा नव्या डॉक्टरांनी तिला झापलं, की नातेवाइकांना घाबरवू नका, 'सगळं ठीक आहे' एवढंच सांगत जा. ती म्हणाली, "साहेब, सगळं ठीक हाय म्हटलं की बाहेरची बाई जास्त घाबरते. तिले दिसते ना माया चेहरा."

या खरं बोलण्यानं घरात गमतीही व्हायच्या. माझी बायको नवी होती, तेव्हा तिनं पहिल्यांदा पाटवड्यांचा रस्सा केला. सगळ्यांनी वाहवा केली. बाईनं दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाली, "मीठ कमी हाय. पन पोरगी चांगली हाय, राहू द्या." बायको आधी हिरमुसली, मग हसली, आणि त्या दिवसापासून भाजीत मीठ टाकताना तिला बाईच आठवते. मला नोकरी लागली, सिंचन विभागात उपयंत्री, म्हणजे ज्युनियर इंजिनियर म्हणून, तेव्हा पेढा तोंडात टाकून ती म्हणाली, "दुसऱ्या डावात का होईना, पास झाला." मी चिडलो होतो. पण ऑर्डर हातात आल्यावर पहिला फोन मी तिलाच केला होता, हेही खरं.

वडील तर तिच्याशिवाय पाऊल टाकत नसत. शर्टाचं कापड, घराचा रंग, माझ्या बहिणीचं स्थळ, काहीही असो, "बाईले विचारू." मी मोठा मुलगा, पन्नाशीला आलेला, कमावता. पण घरात माझा शब्द बाईच्या शब्दानंतर यायचा. तेव्हा मला वाटायचं, की मी हे हसण्यावारी नेतो. तसं नव्हतं. ते कुठंतरी साठत होतं. विमानतळावर ते बाहेर आलं.

धाकटा भाऊ सुनील बंगळूरला असतो. वडील त्याच्याकडं महिनाभरासाठी गेले होते आणि तिथं त्यांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करावं लागेल, आणि जितक्या लवकर कराल तितकं बरं. वडील शुद्धीवर होते, बोलत होते, आणि सही करायला तयार नव्हते. "बाईले बोलवा. ती पाहील, हौ म्हनेल, मंग करा." सुनीलनं फोन त्यांच्या कानाला लावला. बाई इकडून ओरडली, "मनोहर, करून घे. डॉक्टर बराबर सांगून राह्यले." तिकडून वडिलांचा बारीक आवाज आला, "फोनवर तू सर्व्यायलेच धीर देते. तुयं तोंड पाह्यल्याबिगर मले समजत नाई. तू ये."

म्हणून आम्ही दोघं निघालो. मी सोबतीला होतो. बोलावणं तिला होतं. हे मला त्याही दिवशी नीट माहीत होतं.

बाई पहिल्यांदाच विमानात बसणार होती. गोंदियामार्गे पहाटे निघून आम्ही नागपूरला पोचलो. तपासणीत तिच्या पिशवीतून सुपारीचा अडकित्ता निघाला. जवान म्हणाला, "अम्मा, ये अंदर नहीं जाएगा." ती म्हणाली, "बेटा, मैं इससे विमान थोडी काटूँगी." तो हसला, मागचेही हसले, पण अडकित्ता राहिलाच. पुढं जाता जाता मला म्हणाली, "पोरगा चांगला हाय. नाई म्हनला, पन काहून ते सांगतलं त्यानं."

आत गेल्यावर मात्र कुणी काही सांगेना. फलकावर आमच्या विमानापुढं 'विलंब' असं आलं. काही वेळानं नवी वेळ आली, मग तीही पुढं सरकली. ध्वनिक्षेपकावरून एक गोड आवाज सांगायचा, की गैरसोयीबद्दल आम्हाला खेद आहे. गैरसोय किती वेळ चालणार, ते मात्र सांगायचा नाही. बाई उठली आणि खुर्च्यांच्या ओळीतून निघाली. "तुमको क्या बताया?" कुणाला धुकं सांगितलं होतं, कुणाला वैमानिक आला नाही असं, कुणाला विमान दुसरीकडून यायचंय असं. ती परत येऊन बसली. "तीन मानसायले तीन कारनं सांगतली, संजू. म्हनजे यायलेच मालूम नाई."

मग ती दारावरच्या मुलाकडं गेली. गळ्यात पट्टा, हातात वॉकीटॉकी, वय पंचविशीच्या आत. "बेटा, सच्ची बात बता. बैठना है तो बैठेंगे, लेकिन बता दे कब तक." तो म्हणाला, "मैडम, जैसे ही अपडेट आएगा, बताएँगे." ती म्हणाली, "अपडेट नहीं आया, ये भी तो बता सकता है ना. इतना ही बोल दे सबको." तो वॉकीटॉकी कानाला लावून बाजूला गेला. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "त्यालेबी कोनी सांगत नसन. त्याच्यावर काय चिडू."

दुपारी विमान रद्द झालं. दिवसभर घोषणा करणारा तो गोड आवाज नेमका तेव्हा गप्प होता. आधी लोकांच्या फोनवर निरोप आला, मग गलका झाला. आम्हाला सगळ्यांना पुन्हा बाहेर, कंपनीच्या काउंटरवर पाठवलं. तिथं लांबच लांब रांग. मी बाईला सामानाजवळ खुर्चीवर बसवलं आणि रांगेत उभा राहिलो. पुढं लोक भांडत होते, कुणी व्हिडिओ काढत होतं. काउंटरवर एकच मुलगी होती. निळी टिकली लावलेली. तिचा आवाज बसला होता, तरी ती प्रत्येकाला 'सर, सर' म्हणत होती.

माझी पाळी आली. तिनं संगणकावर पाहिलं आणि म्हणाली, "सर, शाम की फ्लाइट में एक ही सीट बची है. दूसरे को कल सुबह भेज पाएँगे. आप दोनों में से कौन जाएगा? पूछ लीजिए, मैं रुकती हूँ."

मागं रांग होती, तरी ती थांबली होती. बाई हाकेच्या अंतरावर होती. मी वळून पाहिलंही. ती शेजारच्या म्हाताऱ्याला स्वतःच्या डब्यातली तिखट पुरी देत होती. मी पुन्हा काउंटरकडं वळलो आणि म्हणालो, "मेरा कर दीजिए."

मी घाईत होतो, घाबरलो होतो, हे सगळं खरं आहे. पण तेवढंच नव्हतं. वडिलांना वाटावं, की आपला मोठा मुलगा आधी आला. एकदा तरी त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहून हो म्हणावं. हे मनात होतं. ते इतकं झटकन झालं, की मलाच पुष्कळ दिवसांनी उमगलं.

खुर्चीपाशी येऊन मी म्हणालो, "बाई, एकच जागा हाय. मशीननं मायं नाव काढलं. तुयं सकाळच्यात हाय." तिचा चेहरा पडला. क्षणभरच. मग तिनं माझ्या हातात डबा दिला. "जाय बाबा तू. त्याले सांग, बाई येऊन राह्यली. अन् सही कर म्हना, मायी वाट नोको पाहू."

मी रात्रीपर्यंत दवाखान्यात पोचलो. वडिलांनी दाराकडं पाहिलं, माझ्या मागं पाहिलं आणि विचारलं, "बाई?" मी म्हणालो, "सकाळी येते. विमानवाल्यांनी अडवली." ते म्हणाले, "मंग सकाळी." मी खूप सांगितलं. सुनीलनं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं. ते नुसते मान हलवत राहिले, "सकाळी, सकाळी." बाईचं विमान उतरायच्या आधी ते गेले.

बाई विमानतळावरून सरळ दवाखान्यात आली. सुनीलनं तिला वाटेत सांगितलं होतं. ती आधी वडिलांजवळ गेली. त्यांच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग बाहेर आली आणि मला विचारलं, "काही खाल्लं का तू?"

ऑपरेशन झालं असतं तर वडील वाचले असते का, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, सांगता येत नाही. ते उत्तर मी जपून ठेवलं आहे. कधी ते मला सोडवतं, कधी धरून ठेवतं.

बाई परत रेल्वेनं आली आणि पुन्हा कधी विमानात बसली नाही. पण विमानाची गोष्ट सांगणं तिनं सोडलं नाही. नागपूरच्या विमानतळावर तिनं काढलेल्या त्या रात्रीबद्दल मला जे कळलं, ते तिच्याच तोंडून, आणि तेही लोकांना सांगताना. कंपनीच्या एका माणसानं तिला म्हटलं होतं, की तुम्ही तर जवळच्याच, घरी जाऊन सकाळी या. बाई म्हणाली होती, "बेटा, बालाघाट कभी गए हो? मैं घर की कुंडी खोलूँगी और उल्टे पाँव वापस आऊँगी." त्याला हसू आलं, पण हॉटेलची खोली मिळाली नाही. मग तिनं थांबलेल्या सगळ्या माणसांना एकत्र केलं. साखरेचा आजार असलेल्या त्या म्हाताऱ्यासाठी जेवण मागून घेतलं. एका बाळंतिणीला आडवं व्हायला जागा करून घेतली. आणि कंपनीच्या साहेबाला आतून बाहेर बोलावून त्याच्या तोंडून सगळ्यांसमोर वदवून घेतलं, की सकाळचं विमान नक्की आहे. "साहेब भला होता," ती म्हणायची. "त्याले कोनी बाहेर बोलावलंच नोतं."

हळूहळू बालाघाटात ती विमानाची जाणकार झाली. आता घरोघरची मुलं हैदराबादला, पुण्याला, बंगळूरला नोकरीला आहेत. विमान अडकलं की आईबाप तिच्याकडं यायचे, नाहीतर मुलंच फोन करायची. एकदा शेजारच्या पोरीचा हैदराबादहून रडत फोन आला. बाई म्हणाली, "पहिले रडून घे. झालं? मंग काउंटरवर जाय. दुसरं विमान पायजे का पैसे वापस पायजे, हे तू ठरवायचं, त्यायनं नाई. अन् पानी-जेवन माग, लाजू नोको, ते तुया हक्काचं हाय." मलाजखंडचे एक इंजिनियर, महिन्यातून दोनदा विमानानं जाणारे, तिला विचारायला आले, तेव्हा मी थट्टेनं म्हणालो, "बाई, साहेब तुझ्यापेक्षा जास्त वेळा बसले आहेत विमानात." ती म्हणाली, "बसले असतीन. मी थांबली हावो. थांबल्यावरच समजते कंपनी कशी हाय."

कंपन्यांवर ती सरसकट रागवत नसे. "धुकं हाय म्हनून थांबवलं त मी हात जोडीन," ती म्हणायची. "मानूस जित्ता पोचला पायजे. पन आमाले सांगा. आमी काही लहान लेकरं हावो का?" तिचा खरा राग एकाच व्यक्तीवर होता. त्या निळ्या टिकलीच्या मुलीवर. प्रत्येक वेळी गोष्ट तिथंच येऊन थांबायची. "तिच्यासमोर दोन नावं होती. तिनं विचारलं असतं ना, दोघायपैकी कोन जाते, त मी मनोहरले भेटली असती. एवढं विचारा लागत होतं तिनं. नाई विचारलं. मशीन म्हनते म्हनून देऊन टाकली जागा." आणि मी समोर असलो, की माझ्याकडं पाहून म्हणायची, "यानं तरी काय करावं बिचाऱ्यानं."

मी मान हलवायचो.

मग तो हिवाळा आला. एकामागून एक विमानं रद्द होत होती आणि आमच्या वॉर्डातल्या चार-पाच घरांतली मुलं वेगवेगळ्या शहरांत अडकून पडली होती. रविवारी बुद्धविहारात वंदना झाल्यावर लोकांनी बाईला बोलायला सांगितलं. तिनं काय मागायचं, कसं मागायचं ते सांगितलं. मग आपली गोष्ट सुरू केली आणि अर्ध्यात थांबून म्हणाली, "हा पाहा माया संजू. हा तिथं होता. सांग रे, कसं मशीननं नाव काढलं ते."

सगळे वळले. मी उभा राहिलो. तोवर मी फक्त मान हलवत आलो होतो. त्या दिवशी मी तोंडानं बोललो. "हो. कोणी विचारलं नाही. नाव मशीननंच काढलं." आणि बसलो.

संध्याकाळी बाईचा फोन आला. "घरी ये. बोलताना तुयी जीभ सुकली होती. तुयं बीपी पाहा लागते."

मी गेलो. ओसरीवर तिनं तिचं जुनं बीपीचं मशीन काढून ठेवलं होतं. माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, नळी कानात घातली आणि रबरी फुगा दाबायला लागली. तिचा हात माझ्या हातावर होता. मला ते मनात पुढं धरवेना. मी म्हणालो, "बाई, त्या मुलीनं मले विचारलं होतं."

"बोलू नोको," ती म्हणाली. तिच्या कानात नळी होती. तिनं काटा खाली येईपर्यंत पाहिलं, नळी काढली, पट्टा सोडला. "जास्त हाय. मीठ कमी कर. काय म्हनत होता?"

आता ते सगळं पुन्हा म्हणावं लागलं.

"त्या मुलीनं मले विचारलं होतं. दोघायपैकी कोन जाते म्हनून. तुले विचारून या, मी थांबतो, असंबी म्हनली ती. मीच म्हटलं, मायं करा. मशीन-बिशीन काही नाई बाई."

बाई पट्ट्याची घडी करत होती. घडी पूर्ण केली. "अन् मी कुठी होती?"

"सामानापाशी."

"दूर होती?"

"नाई. मी तुयाकडं पाह्यलंबी होतं."

"मंग हाक काहून नाई मारली?"

मी खाली पाहत म्हणालो, "बाबा सगळं तुलेच विचारत. मले वाटलं, एक डाव त्यायनं मले विचारावं."

रस्त्यावरून एक ऑटो गेला. तू विचारलं असतंस तर मीच तुला जा म्हटलं असतं, असं काहीतरी ती म्हणेल, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर तेच ऐकायला मी आलो होतो. ती म्हणाली, "मी गेली असती. तुले जा म्हटलं नसतं मी. तो मले बोलावत होता."

"हौ."

"अन् त्या पोरीले मी इतकी वर्ष बोल लावून राह्यली. गावभर." तिचा आवाज पहिल्यांदा हलला तो इथं. "ती त विचारून राह्यली होती. थांबतो म्हनली. एवढ्या गर्दीत थांबतो म्हनली बिचारी." मग तिनं मशीन पेटीत ठेवलं. "जाय आता तू. मले बसू दे."

घरी येताना माझ्या ध्यानात आलं, की मी तिला सगळं सांगितलं होतं, पण माफी मागितली नव्हती. माझं ओझं तिच्या ओसरीवर ठेवून मी निघून आलो होतो. तो आठवडा तिनं फोन केला नाही, मीही केला नाही. बायको म्हणाली, "बाई आल्या नाहीत या आठवड्यात." मी तिलाही खरं सांगितलं. ती जेवणाचं ताट माझ्यासमोर ठेवून आत गेली.

पुढच्या रविवारी मी विहारात मागच्या ओळीत बसलो. वंदना झाली. बाई आपण होऊन उभी राहिली. तिच्या हातात काठी होती, ती तिनं शेजारणीकडं दिली.

"मले एक दुरुस्ती करायची हाय," ती म्हणाली. "त्या विमानाच्या काउंटरवरच्या पोरीबद्दल मी तुमाले सांगत होती, तिनं विचारलं नाई म्हनून. ते चूक होतं. तिनं विचारलं होतं. बराबर विचारलं होतं. मी तिले उगीच नावं ठेवली. तुमच्यातून ज्यायनं ज्यायनं मायी गोष्ट पुढं सांगतली असन, त्यायनं हेबी सांगा."

पुढच्या ओळीतल्या एका मुलानं विचारलं, "मंग तिनं विचारलं कोनाले, बाई?"

बाई म्हणाली, "ते राहू दे. पुढचं ऐका. विमान रद्द झालं त..."

तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. इतकी वर्षं पदरी बाळगलेली गोष्ट तिनं चार वाक्यांत दुरुस्त केली होती, आणि माझं नाव त्यातून काढून ठेवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं अर्धं खरं सांगितलं होतं. माझ्यासाठी. मी तसाच बसून राहिलो असतो, तरी तिनं तो विषय पुन्हा काढला नसता, हे मला माहीत होतं. पुढं ती गेली त्या पावसाळ्यापर्यंत आमच्याकडं जेवायला येत राहिली, मीठ कमी असलं तर सांगत राहिली. आणि त्या रविवारी मी गप्प राहिलो असतो, तरीही ती तशीच येत राहिली असती. तेच मला सहन झालं नाही.

मी उठलो. बाई बोलता बोलता थांबली. "बस ना रे," ती म्हणाली, "तुयं बीपी वाढन."

"मले विचारलं होतं," मी म्हणालो. पुढच्या ओळींपर्यंत ते पोचलं नाही, म्हणून पुन्हा म्हणालो. "त्या मुलीनं मले विचारलं होतं. मागच्या रविवारी मी इथं उभं राहून तुमच्यापाशी खोटं बोललो. त्याच्या आधी सगळी वर्षं बाईपाशी खोटं बोललो. विमान कंपनीनं रद्द केलं, ते कंपनीचं. पन जागा कोनाची, हे मी ठरवलं."

मी ओळीतून वाट काढत पुढं गेलो. ती उभीच होती. काठी नसल्यामुळं तिनं माझा हात धरला, आधारासाठी. मी तिच्या पायाशी वाकलो नाही; तिला ते आवडत नसे. तिच्या तोंडाकडं पाहून म्हणालो, "बाई, बाबांनी तुले बोलावलं होतं, मले नाई. तुया भावाची अन् तुयी शेवटची भेट मी हिरावून घेतली. मले माफ कर."